तिकडची वस्तू, इकडची लाइट

संभाजीनगरातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराचा माळा उतरवला, तर त्यात तीन गोष्टी हमखास निघतात: तांब्याचा बंब, मुलांच्या इंजिनिअरिंगच्या वह्या आणि एक परदेशी यंत्र, मूळ खोक्यासकट. बंब गिझर आल्यावर वर गेला. वह्या ‘कुणाला तरी लागतील’ म्हणून गेल्या. यंत्राची गोष्ट निराळी. वर जाण्याआधी ते पाच-सात सेकंद चाललेलं असतं, आणि त्या पाच-सात सेकंदांबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही.

ही यंत्रं शहरात येतात ती बहुधा दोन वाटांनी. सिडको, उल्कानगरी, ज्योतीनगरकडे ती न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातून येतात. मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षांनी घरी यायला निघते, 23-23 किलोच्या दोन बॅगा भरते, आणि शेवटी जी जागा उरते तिच्यात ‘आईबाबांसाठी काहीतरी’ बसवते. ते काहीतरी बहुतेक वेळा विजेवर चालणारं असतं. जुन्या शहरात हीच यंत्रं जेद्दा, दुबई, मस्कतहून येतात, ब्लँकेटात गुंडाळून, वर दोरी आवळून. देणाऱ्याची माया दोन्हीकडे सारखीच. फरक विजेत आहे, आणि तो मायेला ठाऊक नसतो.

खोकं उघडण्याचा समारंभ पाहण्यासारखा असतो. आजी आतलं थर्माकोल हळूच बाजूला काढून ठेवते, गणपतीच्या मखराला होईल म्हणून. त्यावर 2018 साली राज्यात बंदी आली, पण हाताची सवय गेलेली नाही. आई आधी यंत्र पुसते, मग त्याला हळदकुंकू लावते. बाबा चष्मा लावून माहितीपुस्तिका वाचतात. इंग्रजी संपल्यावर स्पॅनिश भागातली चित्रंही पाहून घेतात. वॉरंटी आहे, पण ती अमेरिकेत. कपात किती कॉफी बसते, धुताना काय करू नये, मुलांपासून किती दूर ठेवावं, सगळं वाचून होतं. राहते ती एक चंदेरी चिठ्ठी. यंत्र उलटं केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, बुडाशी, मुंगीच्या अक्षरात तिच्यावर लिहिलेलं असतं: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 900 वॅट. यंत्राने स्वतःविषयी सांगितलेलं खरं ते एवढंच. खोक्यावरचा बाकी सगळा मजकूर विकणाऱ्याचा.

आपल्या भिंतीतल्या बोर्डात असतात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ.

आमच्या गल्लीतले एक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. विजेशी त्यांचा संबंध बिल भरण्यापुरता. पण व्होल्टेज समजावून सांगावं तर त्यांनीच. ते सरळ पाणचक्कीचा दाखला देतात. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी मातीच्या बंद नळांतून शहरात आणायचं, उंच भिंतीवर चढवायचं आणि तिथून खाली सोडून चक्की फिरवायची, अशी ती जुनी करामत. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी त्या चक्कीवर दळण होत असे.

‘पाणी किती उंचीवरून पडतं, ते व्होल्ट,’ काका सांगतात. ‘किती पडतं, ते अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजे निघालेलं पीठ. आता भिंतीची उंची रातोरात दुप्पट करा. चक्की दुप्पट दळेल? नाही. पाणी जोरातही येईल आणि जास्तही येईल. दोन्हीकडून दुप्पट, म्हणजे चौपट. पीठ चौपट निघेल खरं, तेवढ्यात पातं मोडलं नाही तर!’

काकांचं ‘चौपट’ ढोबळ आहे, पण चुकीचं नाही. 120 चे 230 झाले की दाब 1.92 पट होतो आणि त्याचा वर्ग भरतो 3.67. म्हणजे तिकडे 900 वॅटवर शांतपणे कॉफी करणारं यंत्र इकडे पहिल्या क्षणी 3300 वॅट ओढायला लागतं. प्रवाह 14 अँपिअरच्या वर जातो, आणि आपण ते लावलेलं असतं दिवाणखान्यातल्या, 6 अँपिअरच्या, मोबाइल चार्जिंगच्या बोर्डात, कारण सगळ्यांना बघता यावं. पुढचं सगळं त्या बोर्डामागच्या वायरिंगवर अवलंबून. एमसीबी धड असली तर खाडकन पडते. यंत्र शहाणं असलं तर त्याच्या आतला तापमानाचा फ्यूज स्वतः जळून घर वाचवतो. दोन्ही नसलं तर वास येतो. हा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. आणि त्यावर घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘लाइट आपलीच खराब आहे.’

लाइटीला बोल लावायला आपल्याला कारणं भरपूर आहेत. मे महिन्यातल्या संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर एकदम सुरू झाले की पंख्याचा वेग उतरतो. कधी डीपीवर न्यूट्रल तुटते आणि एका घरात दिवे मंदावतात, तर शेजारच्या घरात टीव्ही जातो. पण या एका बाबतीत लाइट निर्दोष असते. ती 230 च्याच आसपास होती, कालही आणि परवाही. पाहुणं यंत्रच निम्म्या दाबाला वाढलेलं होतं.

जगात असे दोन दाब झाले कसे, याचं कारणही गमतीचं आहे. एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं, तेव्हा दिव्यांत कार्बनची तार होती आणि तिला सुमारे 110 व्होल्ट मानवत. अमेरिका तिथेच स्थिरावली. युरोपने थोडा उशीर केला आणि त्याचा फायदा उठवला. तेवढीच शक्ती पोचवायला दुप्पट दाब ठेवला तर प्रवाह निम्मा पुरतो आणि तार बारीक चालते. तांबं वाचतं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिन 220 वर गेलं. अमेरिकेलाही हे कळत होतं. पण तोवर घराघरांत 110 ची उपकरणं शिरली होती, आणि लोकांच्या घरातली वस्तू फेकायला लावणारा कायदा कोणत्या देशात टिकतो? त्यांनी मधली वाट काढली. तिथल्या घरात आजही दोन तारांमध्ये 240 व्होल्ट येतात, पण ते कपडे वाळवायच्या यंत्राला आणि मोठ्या शेगडीला. कॉफीच्या वाट्याला निम्मेच.

जपानने तर कमालच केली. तिथे दाब 100 व्होल्ट. पण टोकियोने जर्मन जनित्र घेतलं आणि ओसाकाने अमेरिकन, तेव्हापासून एका देशात पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60. 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेकडे वीज कमी पडली, तेव्हा पश्चिमेकडची शिल्लक वीज पुरेशी तिकडे वळवता आली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन खरेदी-पावत्यांचा हा हिशेब.

आपल्याकडे दाब आला तो साहेबाबरोबर, आणि प्लगही. तीन गोल पिनांचा, वरची पिन जाड आणि लांब, हा प्लग मूळचा इंग्रजांचा. 1947 साली त्यांनी चौकोनी पिनांच्या नव्या प्लगचं मानक आणलं. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानही सोडला. साहेबाने टाकलेला गोल प्लग आपण मात्र ठेवून घेतला, आणि चौकोनी प्लग आज दुबई-मस्कतच्या ब्लँकेटातून आपल्याकडे येतो.

या वरच्या लांब पिनेला फार मान दिला पाहिजे. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे आधी तिचा सांधा जुळतो, मग फेज आणि न्यूट्रलचा. काढतानाही तीच शेवटी सुटते. शिवाय सॉकेटातल्या खालच्या दोन भोकांवर झडप असते, लहान मुलाने खिळा घालू नये म्हणून, आणि ती झडप वरची पिन आत गेली की उघडते. एवढा विचार करून बनवलेल्या या व्यवस्थेला आपण बॉलपेनच्या टोपणाने हरवलं आहे. वरच्या भोकात टोपण दाबायचं, झडप सरकली की खाली दोन पिनांचा परदेशी प्लग रेटायचा, मग टोपण काढून परत पेनाला लावायचं. या कामाला आपल्याकडे शिक्षण लागत नाही, आणि शिकलेला माणूसही ते तितक्याच सफाईने करतो. अशी अर्थिंगशिवाय लावलेल्या इस्त्रीच्या पत्र्याला हात लावून मग तोच विचारतो, ‘झिणझिण्या कशानं आल्या?’

त्याहून फसवी वस्तू म्हणजे सगळ्या जगाचे प्लग गिळणारा एक्स्टेंशन बोर्ड. अमेरिकेची चपटी पिन बसते, युरोपची गोल बसते, लंडनची चौकोनी बसते. आणि आपल्या मनात एक समजूत पक्की रुजलेली आहे: बसलं म्हणजे चालतं. गुलमंडीत किंवा पैठण गेटला जाऊन ‘अमेरिकन प्लगला काहीतरी द्या’ म्हटलं, तर दुकानदार अडॅप्टर काढून देतो. त्याचं काहीच चुकत नाही. मागितलं तेच त्याने दिलं. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. दाबाला तो हात लावत नाही. 230 व्होल्ट त्यातून जसेच्या तसे, बिनबोभाट, आत जातात.

दाब उतरवायचा तर स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो खिशात मावत नाही. आत लोखंडाचा गाभा, त्यावर तांब्याचे वेढे. दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि चालू असताना गुणगुणतो. त्याच्यावरही चिठ्ठी असते आणि तीही वाचावी लागते. 900 वॅटच्या यंत्राला 1000 चा ट्रान्सफॉर्मर अगदीच काठावर. पाव हिस्सा तरी जास्त हवा. मोटरचं यंत्र असेल तर दुप्पट बरा, कारण मोटर सुरू होताना आवंढा मोठा घेते. म्हणजे फुकट मिळालेल्या यंत्रासाठी विकत आणायचा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड आणि बहुतेकदा महागही. काही प्रवासी दुकानांत तळहाताएवढा ‘कन्व्हर्टर’ मिळतो आणि त्यावर मोठमोठे वॅट छापलेले असतात. तो विजेची लाट कापून नुसती उष्णता कमी करतो. साध्या तापणाऱ्या वस्तूला थोडा वेळ चालतो, इलेक्ट्रॉनिक वस्तूला लावला तर तिची वाट लावतो.

आणि ट्रान्सफॉर्मर आणला तरी हर्ट्झ राहतातच. 60 चे 50 तो करत नाही, 50 चे 60 ही करत नाही. विजेच्या ठेक्यावर चालणारं जुनं अमेरिकन टेबल-घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. चोवीस तासांत चार तास. बऱ्याच घरांच्या हे लक्षातही येणार नाही, पण मायक्रोवेव्हच्या येतं. त्याच्या आतला मोठा ट्रान्सफॉर्मर 60 साठी बेतलेला असेल, तर 50 वर तो विनाकारण तापत राहतो. सौदीतल्या घरांत वर्षानुवर्षं 127 आणि 220 असे दोन्ही दाब नांदले, आणि ठेका तिथे 60 चा. तिकडून दाब बघून आणलेला फ्रिज इथे चालतो, पण कॉम्प्रेसर मूळ वेगाच्या पाच षष्ठांश वेगाने फिरतो. टीव्हीची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या काळी अमेरिकेहून आणलेला टीव्ही ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केला, तरी दूरदर्शनचा रंग धरत नसे, कारण त्यांची रंगाची पद्धत निराळी. ज्या शहराजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्याने अमेरिकेच्या टीव्हीची हौस धरावी, हेही आपल्या स्वभावाला धरूनच.

खरी मौज वाळूज-शेंद्र्याच्या इंजिनिअरांची. कारखान्यात बाहेरून मशीन आलं की हे लोक खोकं उघडण्याआधी नेमप्लेट मागतात. किती व्होल्ट, किती फेज, किती हर्ट्झ, मोटरला ड्राइव्ह लागेल का, अर्थिंगचं रीडिंग किती. यावर दोन मीटिंगा होतात आणि चार सह्या. मोटर आधी नुसती टिचकीभर फिरवून बघतात, दिशा उलटी नाही ना म्हणून. तोच इंजिनिअर संध्याकाळी घरी येतो, भावाने शिकागोहून आणलेला हॅण्ड ब्लेंडर उचलतो आणि म्हणतो, ‘लावून तर बघू.’ कारखान्यात मशीन कंपनीचं असतं, म्हणून शंका घेता येते. घरी आलेली वस्तू भावाची असते. तिच्यावर शंका घेणं म्हणजे भावावर घेणं. आपला घोटाळा आहे तो इथे.

एरवी निर्धोक वस्तूंची संख्या रोज वाढते आहे. लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा, दाढीचं मशीन, झोपेत श्वासासाठी लावायचं यंत्र, यांच्या चार्जरवर बहुधा ‘100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असं असतं. हा चार्जर आलेली वीज आधी सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतो. त्याला फक्त पिनेचा अडॅप्टर पुरे. संशय धरावा तो तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तूंचा: केटली, टोस्टर, हेअर ड्रायर, मिक्सर. काही ड्रायरना बाजूला एक खाच असते. नाण्याने फिरवली की 125 चे 250 होतात. पहिल्या वेळी ती फिरवायला माणूस विसरत नाही. परत जाताना उलट फिरवायलाही विसरत नाही, कारण तिकडे ड्रायर नुसताच फुंकर घालतो आणि आठवण करून देतो. विसरतो तो पुढच्या वेळी इकडे येताना.

एक मात्र कान पकडून सांगावंसं वाटतं. परदेशी प्लग कापून देशी प्लग जोडायचा आपल्याला भारी उत्साह. दातांनी वायर सोलली की काम झालं. पण आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. युरोपात तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. आणि अमेरिकन वायरीत काळी असते ती फेज, पांढरी न्यूट्रल. म्हणजे आपल्या हाताला बिनधोक म्हणून सवयीची झालेली काळी तार तिकडची जिवंत तार. चौकोनी इंग्रजी प्लग कापला तर आणखी एक गोष्ट जाते: त्याच्या पोटात छोटा फ्यूज असतो, तो प्लगबरोबर कचऱ्यात. तेव्हा प्लग कापूच नये. कापायचाच झाला तर परवानाधारक वायरमनकडून, आणि घरात 30 मिलीअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी बसवलेलं असेल तेव्हाच.

याच गोष्टीची उलटी बाजू विमानाच्या दुसऱ्या टोकाला घडते. इकडची हजार वॅटची इस्त्री तिकडे लावली की ती जेमतेम 270 वॅट देते. सदरा गरम होतो, सुरकुती जागेवर. आईने बॅगेत कोंबलेला मिक्सर तिकडे जीव खाऊन फिरतो आणि चटणीचं वाटण भरडच राहतं. आपलं वाटण पेलणारा मिक्सर मुळात अस्सल मुंबईचा आहे. 1963 च्या सुमारास माधुरी माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि दुरुस्तीची सोय इथे नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यातून हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ पेलेल अशा मोटरचा ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला. युरोपची मोटर आपल्या दाबावर चालते. पण आपल्या मसाल्यावर चालेल का, हे तिच्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. आज भारतीय कंपन्या अमेरिकेतल्या भारतीयांसाठी 110 व्होल्टचे मिक्सर बनवून विकतात. तिकडच्या लेकीला इकडचा मिक्सर न्यायचाच असेल, तर तो तिकडच्या दाबाचा मिळतो. हीच युक्ती उलट्या दिशेने वापरायला हरकत नाही: आईबाबांना कॉफी मेकर द्यायचा तर लेकीने तिथे बसून ऑर्डर द्यावी आणि तो गारखेड्यातल्या दारात उतरावा, 230 व्होल्टचा, गोल पिनांचा, वॉरंटी इथली.

पण यात बॅगेतून काढण्याची गंमत नाही, हे कबूल. म्हणून माया आणि गणित यांच्यात भांडण न लावता एक साधा रिवाज पाडावा. वस्तू हातात आली की कौतुक करावं, हळदकुंकू लावावं, मग सगळ्यांसमोर ती उलटी करावी आणि चिठ्ठी मोठ्याने वाचावी. यात देणाऱ्याचा अपमान नाही. उलट त्याची वस्तू टिकते. वाचून शंका राहिली तर पेनाचं टोपण शोधू नये, वायरमनला फोन करावा. तो म्हणेल, ‘काका, येतो संध्याकाळी,’ आणि उगवेल परवा दुपारी. तोवर यंत्र खोक्यातच राहील. उशिरा येण्याची वायरमन लोकांची सवय एखाद्याच्या उपयोगी पडावी, असा हा दुर्मीळ प्रसंग.